बंदराच्या शहरात हॉटेलची गुंतवणूक आणायची तर आधी काय आणि मग काय (रत्नागिरीचं उदाहरण धरून)

दरवर्षी कुणी ना कुणी फोन करतं, कधी नगरसेवक, कधी व्यापारी संघातलं कुणी, कधी ज्याची समुद्राकडेला पाच एकर जागा आहे असा जागामालक, आणि प्रश्न एकच असतो की आपल्याकडे एखादं मोठं हॉटेल आणायचंय तर कुणाला भेटू. मी दरवेळी सांगतो की आत्ता कुणालाच भेटू नका. कारण सगळ्यांची चूक तीच होते, आधी पुण्या-मुंबईत जाऊन गुंतवणूकदार शोधतात, त्याला डिसेंबरात आणून आरे-वारेचा समुद्र दाखवतात, तो खूश होतो, फोटो काढतो, आणि मग त्याचा वकील सातबारा मागतो आणि तिथे सगळं संपतं. एकदा संपलं की तो माणूस परत येत नाही, आणि चार लोकांना सांगतो पण की तिकडे जमिनीची भानगड आहे.

मी रत्नागिरीचं उदाहरण धरून लिहितोय कारण हे शहर मला माहिती आहे. मिरकरवाडा, भगवती बंदर, वरच्या अंगाला जयगड, खाली पावस, बाजूला गणपतीपुळे. पण क्रम मालवण, वेंगुर्ला, हर्णै, श्रीवर्धन सगळीकडे तोच आहे.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोठ्या नावाच्या हॉटेल कंपन्या बहुतेक वेळा स्वतःचे पैसे घालत नाहीत. बोर्ड त्यांचा असतो, चालवतात ते, पण इमारत दुसऱ्याच कुणाची तरी असते आणि कंपनी त्याच्याकडून फी घेते. म्हणजे तुम्हाला दोन वेगळी माणसं शोधायचीत, पैसे घालणारा आणि चालवणारा. ब्रँडला पत्र लिहून "आमच्याकडे गुंतवणूक करा" म्हणणं म्हणजे ड्रायव्हरला गाडी विकत घ्यायला सांगण्यासारखं आहे.

## टप्पा १ : पाच माणसांचा गट करा, पंचवीस नको

एक जमिनीचे कागद वाचू शकणारा माणूस (निवृत्त तलाठी किंवा भूमी अभिलेखचा माणूस मिळाला तर उत्तम), एक सीए, एक आर्किटेक्ट ज्याने शहरात नगररचनेकडून नकाशे पास करून घेतलेत, एक चालू लॉजवाला, आणि एक मच्छीमार सोसायटीतला. शेवटचे दोन लोक हमखास विसरले जातात. लॉजवाल्याला वाटतं की मोठं हॉटेल आलं तर माझा धंदा जाणार, म्हणून त्याला बाहेर ठेवतात आणि मग तोच गावभर विरोध करतो. त्याला आत घ्या, त्याच्याकडे असलेले आकडे दुसऱ्या कुणाकडे नसतात.

## टप्पा २ : बारा महिन्यांची मागणी मोजा

गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न समुद्र किती सुंदर आहे हा नसतो. त्याचा प्रश्न असतो, मंगळवारी रात्री जुलै महिन्यात तुमच्याकडे कोण राहतं?

याचं उत्तर असं काढायचं. शहरातले आणि आसपासचे दहा-बारा लॉज आणि हॉटेल निवडा, स्वस्त, मधले, महाग असे मिसळून. प्रत्येकाकडून गेल्या बारा महिन्यांचं रजिस्टर बघून महिन्याला किती खोल्या गेल्या आणि सरासरी भाडं काय मिळालं एवढंच उतरवून घ्या, नाव-गाव काही नको. मालक लगेच देणार नाहीत, त्यांना सांगा की कुणाचाही आकडा वेगळा दाखवणार नाही, फक्त बेरीज दाखवू, आणि ते खरंच पाळा.

मग लोक कशासाठी आले त्याप्रमाणे गट पाडा:

- गणपतीपुळे-पावसला जाणारे देवदर्शनवाले. हे बहुतेक एक रात्र राहतात आणि भाड्याला फार घासाघीस करतात
- मे महिना, दिवाळी, डिसेंबर आणि लाँग वीकेंडचे टुरिस्ट
- सोमवार ते गुरुवार येणारे कामाचे लोक. जयगडचं बंदर आणि तिथला १,२०० मेगावॅटचा वीज प्रकल्प, रनपारच्या बाजूची फॅक्टरी, कोकण रेल्वे, कोस्ट गार्ड, कोर्ट, बँकांचे ऑडिटवाले, औषध कंपन्यांचे एमआर, आणि प्लांटच्या शटडाऊनला येणारी माणसं जी पंधरा-पंधरा दिवस राहतात
- लग्नं, आणि २०२३ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाल्यापासून पालक आणि परीक्षक

माझं मत सांगतो, बंदराच्या शहराची खरी ताकद तिसऱ्या गटात आहे. नुसत्या बीचच्या गावाकडे हा गट नसतोच. गोव्याशी समुद्राच्या बाबतीत स्पर्धा करायला गेलात तर हराल, पण मधल्या वारी भरलेल्या खोल्या दाखवता आल्या तर गुंतवणूकदार खुर्चीत पुढे सरकून बसतो. आणि आपले लोक नेमका हाच आकडा मोजत नाहीत, सगळं पत्रक किल्ला, थिबा पॅलेस आणि आंब्याच्या फोटोंनी भरलेलं.

सावधान : गणपतीत गर्दी बघून हुरळून जाऊ नका. चाकरमानी येतात ते स्वतःच्या घरी उतरतात, गाड्या भरतात, रस्ते भरतात, पण हॉटेलच्या खोल्या त्या प्रमाणात भरत नाहीत.

सावधान : विमानतळ, चौपदरी महामार्ग हे "होणार आहे" म्हणून मागणीत धरू नका. मुंबई-गोवा महामार्गाची वाट बघून किती वर्षं गेली सगळ्यांना माहिती आहे. आज जे चालू आहे तेच धरा, म्हणजे कोकण रेल्वे, २०२३ पासून रत्नागिरीला थांबणारी वंदे भारत, आणि गाडीने येणारे कोल्हापूर-सांगली-पुण्याचे लोक. बाकीचं "झालं तर फायदा" या सदरात वेगळं लिहा.

## टप्पा ३ : तीन जागा निवडा आणि कागद स्वच्छ करा

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि जायलाच हवा. सहा महिने ते दीड वर्ष धरून चाला.

एकच जागा घेऊन बसू नका, तीन घ्या. एक शहरात (कामाच्या लोकांसाठी), एक समुद्राजवळ, आणि एक शहराबाहेर सड्यावर (कातळाच्या उंच पठारावर), जिथे सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या केंद्राच्या नियमांचा, प्रश्न नाही आणि वरून समुद्र दिसतो. खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा ही तिसरी जागाच शेवटी चालते.

प्रत्येक जागेसाठी हे क्रमाने बघा:

१. सातबारा आणि आठ-अ. त्यात "इतर हक्क" चा रकाना आधी वाचा, नावं नंतर. कूळ, बँकेचा बोजा, खाजगी वन, देवस्थान, पुनर्वसन, सगळं तिथे लपलेलं असतं.

२. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय व्यवहार नाही, नजराणा भरायला लागेल, तो किती ते आधी काढा. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची बंधनं आहेत का तेही बघा.

३. वारस. कोकणातलं खरं दुखणं हेच. पणजोबांच्या नावावर जमीन, सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातले वीस मुंबईला, तीन वारलेले आणि त्यांच्या मुलांची नोंदच नाही. वारस नोंदी, हक्कसोड पत्रं, वाटणी हे सगळं गुंतवणूकदार यायच्या *आधी* पूर्ण करायचं. माझ्या समोर एक चांगला व्यवहार एका सहीसाठी बुडालाय, म्हातारी आत्या विरारला होती, तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिचा राग पैशासाठी नव्हता तर विचारलं नाही म्हणून होता. ही गोष्ट मला आजही लागते कारण तिच्याकडे जायला कुणाला एक दिवस पुरला असता.

४. मोजणी. भूमी अभिलेखकडून हद्द कायम करून घ्या, खुणा रोवून घ्या, गडगा (दगडी कुंपण) आहे तीच हद्द असं समजू नका. गडगे सरकतात.

५. रस्ता. जागेपर्यंत जाणारा रस्ता कागदावर आहे का, आणि किती रुंद? पाखाडीने (पायऱ्यांच्या पायवाटेने) जाता येतं म्हणजे रस्ता झाला नाही. युडीसीपीआर (२०२० चे बांधकाम नियम) मध्ये किती बांधता येईल ते रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, स्टार हॉटेलला प्रीमियम भरून जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल ते प्रमाण) मिळू शकतो पण त्यालाही रस्ता लागतोच.

६. सड्यावरची जागा असेल तर कातळशिल्पं आहेत का ते पायी फिरून बघा. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलीत. जागेत सापडली तर लपवू नका, तेवढा भाग मोकळा ठेवून नकाशा करा. जेसीबी लावून झाल्यावर कळलं तर काम थांबेलच, आणि जे गेलं ते परत आणता येणार नाही.

तपासा : विकत घेणारा शेतकरी आहे का? कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही. आणि रत्नागिरी, खेड, दापोलीकडचे बरेच लोक आखातात आहेत, त्यांना गावाकडे पैसे घालायची मनापासून इच्छा असते, पण अनिवासी भारतीयाला फेमा (परकीय चलनाच्या) कायद्याप्रमाणे शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाने आलेली वेगळी). त्यांना बिनशेती जागा किंवा कंपनीतला भाग हा मार्ग दाखवा, आणि हे पहिल्या भेटीतच सांगा.

## टप्पा ४ : सीआरझेड नकाशावर बघा, तोंडी विचारू नका

"समोर दुसऱ्याचं हॉटेल आहे म्हणजे आपलं पण होणार" हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. समोरचं १९९१ मध्ये सीआरझेड आलं त्याच्या आधीचं असेल, किंवा बेकायदा असेल, तुम्हाला काय माहिती.

आधी हे लेखी घ्या की तुमच्या जिल्ह्याला २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झालेला किनारा नकाशा लागू आहे की अजून २०११ चे नियम चालतात. २०१९ चे सवलतीचे नियम नवा नकाशा मंजूर झाल्यावरच वापरता येतात. मग मान्यताप्राप्त संस्थेकडून तुमचा सर्व्हे नंबर १:४००० च्या नकाशावर बसवून घ्या, भरती रेषेपासून अंतर टाकून. पैसे लागतात, पण हा एक कागद दाखवला की पुढचा माणूस तुम्हाला गांभीर्याने घेतो.

थोडक्यात वर्गवारी अशी:

- शहरातला विकसित भाग बहुधा सीआरझेड-२. तिथे अस्तित्वातल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला बांधता येतं, समुद्राकडच्या बाजूला नाही
- गावं सीआरझेड-३. २०१९ च्या नियमात दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती (२०११ ची जनगणना) असेल तर ना-विकास पट्टा ५० मीटर, नाहीतर २०० मीटर. कोकणातल्या गावांत एवढी दाट वस्ती क्वचितच असते, म्हणजे २०० मीटरच धरून चाला
- खाडीच्या कडेला २०१९ प्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी ते. भाट्याच्या खाडीकडेच्या जागांना हे लागू होतं
- खारफुटी दिसली की तिच्यापासून लांब राहा, तिचा स्वतंत्र बफर असतो आणि हायकोर्टाचे आदेश आहेत

बीचवरच्या हॉटेलांसाठी अधिसूचनेत वेगळं परिशिष्टच आहे. वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत, भरती रेषेपासून २०० मीटरच्या आत बोअर मारून पाणी उपसायचं नाही, दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना समुद्रावर जायला किमान २० मीटर वाट सोडायची. ही २० मीटर वाट पहिल्याच नकाशात काढा. नंतर काढायला गेलात की आर्किटेक्ट म्हणतो स्विमिंग पूल जाईल, मालक म्हणतो राहू दे, आणि मग कोळीवाड्यातून मोर्चा येतो, आणि तो बरोबरच असतो.

## टप्पा ५ : पाणी

वीज, रस्ता, कचरा सगळं महत्त्वाचं आहे पण पाण्यासाठी मी वेगळा टप्पा करतोय कारण तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या ठिकाणी पाण्याचा प्रश्न असेल हे बाहेरच्या माणसाला पटत नाही आणि आपण त्याला सांगत नाही. रत्नागिरी शहर शीळ आणि पानवल धरणावर चालतं आणि उन्हाळ्यात पाणी तोडून तोडून द्यायची वेळ येते हे इथल्या प्रत्येकाला माहिती आहे. आणि हॉटेलचा मे महिना फुल्ल असतो. म्हणजे जेव्हा पाणी सगळ्यात कमी तेव्हा गिऱ्हाईक सगळ्यात जास्त.

हिशोब करा. ६० खोल्या म्हणजे १२० माणसं, माणशी १८० लिटर हा नेहमीचा नियम, म्हणजे २१,६०० लिटर. लाँड्री, किचन, बाग, स्टाफ धरून ३० ते ३५ हजार लिटर रोज. दहा हजाराचे साडेतीन टँकर. मे महिन्यात हे कुठून आणणार त्याचं उत्तर एका पानावर लिहा: नगरपरिषदेचं लेखी पत्र किती पाण्याचं, पावसाचं पाणी साठवायची टाकी किती लिटरची, सांडपाणी शुद्ध करून बागेला आणि फ्लशला किती. भुयारी गटार नसेल तर सांडपाणी शुद्ध करणारा स्वतःचा प्लांट (एसटीपी) लागणारच, त्याची जागा आधीच राखा.

तपासा : शेजारच्या वाडीची विहीर कुठे आहे? हॉटेलच्या बोअरने तिचं पाणी खाली गेलं तर तुमचा प्रकल्प त्या दिवसापासून गावाचा शत्रू. हा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही.

विजेचं सोपं आहे, महावितरणकडून लोड आणि ट्रान्सफॉर्मरचा अंदाज घ्या, जनरेटर धरा, पुढे चला.

## टप्पा ६ : गावाशी बोला, गुंतवणूकदार यायच्या आधी

सिंधुदुर्गातलं शिरोडा-वेळागरचं उदाहरण सगळ्यांनी डोळ्यासमोर ठेवावं. पंचतारांकित हॉटेलसाठी तिथली जमीन नव्वदच्या दशकात घेतली गेली, सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि तरी तीस वर्षांनंतर सुद्धा तिथे जमिनीवरून स्थानिक लोक आणि सरकार यांच्यात वाद चालूच होता. एक पिढी गेली त्यात. ज्यांची जमीन गेली त्यांचं पण नुकसान आणि ज्यांना नोकरी मिळायची होती त्यांचं पण.

ग्रामसभेत किंवा वाडीत जाऊन भाषण करू नका. नकाशा घेऊन जा, जमिनीवर पसरा, आणि विचारा: होड्या कुठे ओढता? जाळी कुठे पसरता? मासळी कुठे सुकवता? देवाची पालखी कुठून जाते? मसणवट कुठे? जे सांगतील ते त्याच नकाशावर पेनाने काढा आणि तो नकाशा पुढच्या सगळ्या कागदांसोबत जोडा. वेळही बघून जा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोळीवाड्यात माणसं भेटतात आणि निवांत बोलतात. बाकीच्या वेळी सकाळी लिलाव, रात्री समुद्र, कोण बोलणार तुमच्याशी.

नोकरीचं आश्वासन द्यायचं तर आकडा आणि पद लिहून द्या. "स्थानिकांना प्राधान्य" या दोन शब्दांवर आता कुणी विश्वास ठेवत नाही, कारण शेवटी वॉचमन आणि झाडूवाले स्थानिक आणि बाकी सगळे बाहेरचे असं झालेलं लोकांनी बघितलंय. मला स्वतःला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपली मुलं हॉटेल मॅनेजमेंट शिकून दुबईला आणि क्रूझवर जातात, त्यांना इथे फ्रंट ऑफिसला बसता आलं पाहिजे, नाहीतर हा सगळा खटाटोप कशासाठी?

## टप्पा ७ : आकडे मांडा, आणि ते बँकेच्या नजरेने बघा

इथे एक उदाहरण पूर्ण सोडवतो, आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

६० खोल्या. वर्षाला २१,९०० खोली-रात्री. ५५ टक्के भरल्या तर १२,०४५. सरासरी भाडं ४,५०० धरलं तर खोल्यांचे ५.४२ कोटी. जेवण, हॉल वगैरे धरून खोल्यांचा वाटा ७० टक्के मानला तर एकूण ७.७४ कोटी. रोजचा खर्च, पगार, ब्रँडची फी, विमा, घरपट्टी सगळं जाऊन ३५ टक्के उरले तर २.७१ कोटी.

आता खर्च. जमीन विकत घेऊन खोलीमागे ४५ लाख म्हणजे २७ कोटी. ६० टक्के कर्ज, १६.२ कोटी. १० टक्क्याने पहिल्या वर्षाचं व्याज १.६२ कोटी, बारा वर्षांत फेडायचं म्हणजे मुद्दल १.३५ कोटी. एकूण २.९७ कोटी. हातात २.७१. बँक तिथेच फाईल मिटते.

या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे की खोलीमागच्या खर्चाच्या हजाराव्या भागाइतकं एका रात्रीचं भाडं मिळालं पाहिजे. ४५ लाखाला ४,५०० म्हणजे ठोकताळ्यात बसतंय, लोक तिथेच थांबतात आणि खूश होतात. बसतंय तरी हप्ता जात नाही, हे वर दिसलंच.

तेच हॉटेल, पण जमीन विकत न घेता लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने. खोलीमागे ३६ लाख, एकूण २१.६ कोटी, कर्ज १२.९६ कोटी. व्याज १.३० कोटी. मुदत १८ वर्षं मिळाली तर मुद्दल ७२ लाख. एकूण २.०२ कोटी. जमिनीचं भाडं वर्षाला १५ लाख वजा केलं तर हातात २.५६ कोटी. म्हणजे हप्त्याच्या सव्वापट. आता बँक बोलायला तयार.

म्हणून जागामालकांना मी हात जोडून सांगतो, विकायचा हट्ट सोडा. भाडेपट्ट्यात जमीन तुमच्याच नावावर राहते, नातवंडांना उत्पन्न राहतं, आणि प्रकल्प उभा राहायची शक्यता वाढते.

लांब मुदतीचं कर्ज कुठून, तर दहा लाखाहून जास्त लोकसंख्येच्या शहरांच्या बाहेरची तीन तारा आणि वरची हॉटेलं केंद्राच्या पायाभूत सुविधांच्या यादीत आहेत, आणि त्या यादीतल्या प्रकल्पाला लांब मुदतीचं कर्ज मिळणं सोपं जातं. रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ ला ७६ हजारच्या आसपास, म्हणजे आपण आरामात बसतो. पण तारा पाहिजे, नुसतं चांगलं हॉटेल असून चालत नाही.

जीएसटीचं पण लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, पण इनपुट क्रेडिट नाही (म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करून मिळत नाही). त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,००० आणि ८,००० च्या खोलीत गिऱ्हाईकाला फरक हजाराचा नाही, दोन हजाराच्या पुढे पडतो. भाडं ठरवताना हा बांध कुठे आहे ते बघून ठरवा.

## टप्पा ८ : आता कुठे गुंतवणूकदार

यादी लहान करा, आठ-दहा नावं पुरेत. कोल्हापूर-पुण्याचे बांधकामवाले ज्यांनी आधी एखादं हॉटेल केलंय. मुंबईत मोठे झालेले कोकणातले उद्योजक. आखातातले आपले लोक. आणि तुमच्याच शहरातले दोन-तीन लॉजवाले एकत्र येऊन, ज्यांचा विचार कुणी करत नाही पण ज्यांना हा धंदा पावसाळ्यासकट माहिती आहे.

त्यांना बारा पानांच्या वर काही देऊ नका. मागणीचा तक्ता, तीन जागांचे कागद, सीआरझेड नकाशा, पाण्याचं पान, गावाचा नकाशा, आकडे. फोटो शेवटी दोन पानं.

जागा दाखवायला दोनदा आणा, एकदा डिसेंबरात आणि एकदा जुलैत. जुलैत आणायला लोक घाबरतात. उलट आहे, पावसात वर्षभराचं खरं चित्र बघून जो हो म्हणतो तोच टिकतो, आणि गंज, गळती, लाल पाणी, वीज जाणं हे सगळं त्याने आधी बघितलेलं असलं की नंतर भांडण होत नाही.

ब्रँडशी बोलणी मालक नक्की झाल्यावर. करार पंधरा-वीस वर्षांचे असतात, मध्ये सोडायचं कलम वाचल्याशिवाय सही नको.

सावधान : एमओयू (सामंजस्य करार) म्हणजे गुंतवणूक नव्हे. सत्कार, हार, पेपरात बातमी, आणि दोन वर्षं जागा अडकून. सामंजस्य करारात तारखा घाला: इतक्या महिन्यांत कंपनी, इतक्यात बँकेचं मंजुरी पत्र, इतक्यात नकाशा दाखल, नाहीतर जागा मोकळी. जो तारखा टाकायला तयार नाही त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि जागा नगरपरिषदेची किंवा सरकारी असेल तर कुणालाही तोंडी शब्द देऊ नका, ती निविदा-लिलावानेच जाणार.

## टप्पा ९ : सवलतीची नोंदणी आधी, खर्च मग

२०२४ च्या राज्य पर्यटन धोरणात हॉटेलांना प्रोत्साहनं आहेत. पर्यटन संचालनालयाकडे अर्ज कधी करायचा, काय पात्र धरतात ते काम सुरू करायच्या आधी विचारून लेखी घ्या. बांधून झाल्यावर धोरण वाचणारे बरेच बघितलेत, तेव्हा कुणी ऐकत नाही.

हॉटेलांना १ एप्रिल २०२१ पासून राज्यात उद्योगाचा दर्जा आहे, म्हणजे वीज, पाणी, घरपट्टी उद्योगाच्या दराने. पण ते वर्गीकरण आणि नोंदणी असलेल्या हॉटेलालाच. तुमच्या नगरपरिषदेने तो दर प्रत्यक्ष लावलाय का ते मुख्याधिकाऱ्यांकडून विचारून घ्या.

## टप्पा १० : परवानग्या पावसाच्या हिशोबाने लावा

क्रम साधारण असा: सीआरझेड, मग नगररचनेचा नकाशा, प्रदूषण मंडळाची कन्सेंट, फायर, आणि उघडायच्या वेळी फूड लायसन्स, परमिट रूम पाहिजे असेल तर एफएल-३ हा दारूचा परवाना. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेलं तर पर्यावरण मंजुरी वेगळी, साठ खोल्यांना तेवढं लागत नाही.

कोकणात जून ते सप्टेंबर पाया खणता येत नाही. त्यामुळे परवानगी मार्चमध्ये आली की लोक घाईने खोदतात, मे अखेर खड्डा अर्धा, पावसात कडा कोसळतात, शेजाऱ्याचा गडगा खाली येतो, आणि ऑक्टोबरात परत पहिल्यापासून. उलटं मोजा. मे अखेर जोतं पूर्ण पाहिजे तर काम दिवाळीच्या आसपास सुरू पाहिजे, म्हणजे सगळे कागद सप्टेंबरात हातात पाहिजेत, म्हणजे सीआरझेडची फाईल त्याच्या आदल्या दिवाळीच्या आधी गेलेली पाहिजे, आणि त्या फाईलला लागणारी मोजणी त्याही आधीच्या उन्हाळ्यात, कारण गवत वाढल्यावर आणि चिखलात मोजणीवाले खुणा रोवत नाहीत. म्हणजे येत्या मे महिन्यात चाकरमानी गावी येतील तेव्हा पहिलं काम, सातबाऱ्यावरची सगळी नावं एका पडवीत बसवा.